फेसलिफ्ट, इंजेक्शन की नुसते मलम? चेहऱ्याच्या उपचाराचा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात चेहऱ्यावरचे वय कमी दाखवणाऱ्या उपचारांच्या जाहिराती आता रस्त्यावरच्या फलकापासून मोबाईलपर्यंत सगळीकडे दिसतात, आणि बहुतेक मंडळींचा निर्णयही त्या जाहिरातीपासूनच सुरू होतो. ‘मला हायफू करायचे आहे’ किंवा ‘नणंदेने केले तेच फिलर हवे’ असे ठरवूनच ती दवाखान्याची पायरी चढतात. (हायफू म्हणजे ध्वनिलहरींच्या उष्णतेने कातडी आतून आवळणे; फिलर म्हणजे खोलगट जागी टोचून भरायचा भराव.) उपचार कोणता हा खरे तर शेवटी विचारायचा प्रश्न आहे. बिघाड चेहऱ्याच्या कोणत्या थरात आहे, हे त्याआधी कळले पाहिजे. ओघळलेल्या गालावर पील, म्हणजे रसायनाने कातडीचा वरचा थर सोलणे, केले तर पैसे वाया जातात. उन्हाने करपलेल्या कातडीवर फेसलिफ्ट, म्हणजे ओघळलेला चेहरा उचलणारी शस्त्रक्रिया, केली तर कातडी ताणली जाते, पण करपलेलीच राहते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत.

टप्पा १ : आधी आजार, वजन आणि दात

चेहऱ्यात झालेला प्रत्येक बदल वयाचा नसतो. चेहरा सतत सुजल्यासारखा दिसत असेल, थकवा आणि बद्धकोष्ठ असेल, तर थायरॉइडची तपासणी आधी करावी. पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी खाली येत असेल, तर तो स्नायूंचा आजार असू शकतो आणि अशा रुग्णाला बोटॉक्स (स्नायू सैल पाडणारे इंजेक्शन) देणे धोक्याचे ठरते. चेहऱ्यावरचा एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय त्या जागी लेझर करू देऊ नये.

दातांचा मुद्दा हमखास विसरला जातो. दाढा आणि पुढचे दात काढून टाकलेले असतील तर ओठ आत जातात, तोंडाभोवती घड्या पडतात आणि हनुवटी वर आल्यासारखी दिसते. अशा चेहऱ्यात फिलर भरण्याआधी कवळी किंवा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) झाले पाहिजे. कित्येकदा नीट बसणारी कवळी एवढाच उपचार पुरतो. वजनाचेही तसेच. डाएट चालू असताना, म्हणजे दर महिन्याला वजन उतरत असताना, फेसलिफ्ट किंवा फिलर ठरवू नये. वजन काही महिने एका जागी टिकल्यावर चेहरा जसा दिसतो, तोच मोजायचा.

*सावधान : चेहऱ्याची एक बाजू अचानक वाकडी झाली, बोलणे अडखळले किंवा हातात ताकद राहिली नाही, तर तो पक्षाघात असू शकतो. सौंदर्योपचाराची वेळ न पाहता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे.*

टप्पा २ : आरशासमोरची तपासणी

ही तपासणी दिवसाउजेडी, खिडकीजवळ, चेहरा धुऊन आणि मेकअप न करता करावी. शक्य असेल तर १०–१५ वर्षांपूर्वीचे समोरून काढलेले छायाचित्र जवळ ठेवावे. लग्नाच्या अल्बममधले सजवलेले चित्र नको, साधे असावे.

प्रथम चेहरा अगदी सैल सोडून पाहावे आणि मग कपाळ उचलून, भुवया आक्रसून, डोळे बारीक करून हसून पाहावे. रेषा फक्त हालचालीतच दिसत असतील तर दोष स्नायूंच्या आकुंचनाचा आहे. चेहरा स्थिर असतानाही रेषा कोरल्यासारखी राहत असेल तर ती कातडीत उतरलेली आहे.

दुसरी चाचणी बोटांची. कानाच्या पुढे दोन बोटे टेकवून कातडी हळूच वर आणि मागे, जेमतेम एक सेंटिमीटर सरकवावी. एवढ्याने जबड्याची कड सरळ झाली आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे मांस नाहीसे झाले, तर दोष ओघळण्याचा आहे. फारसा फरक पडला नाही तर फेसलिफ्टने तुमचे काम होण्याची शक्यता कमी. याउलट, हातातला आरसा घेऊन पाठीवर आडवे पडल्यावर चेहरा एकदम तरुण वाटला, तर ओघळणे बरेच आहे असे समजावे.

तिसरी चाचणी उजेडाची. खिडकीकडे एक बाजू करून बसल्यावर कानशिले, डोळ्यांखालची जागा आणि गालाचा वरचा भाग येथे सावली पडते का ते पाहावे. सावली म्हणजे खोलगटपणा, म्हणजे चरबी आणि काही अंशी हाडाचाही आकार घटलेला. शेवटी मान पाहावी : दात आवळून ‘ई’ म्हटल्यावर गळ्यावर उभ्या दोऱ्या उमटतात का, आणि हनुवटीखाली चिमटीत येते ती चरबी आहे की नुसती सैल कातडी.

मोबाईलचा सेल्फी या कामाला उपयोगाचा नाही. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान लहान दिसतात, आणि ब्यूटी फिल्टर आपोआप चालू असतो. दुसऱ्या कोणाला दीड मीटर अंतरावरून, झूम करून, समोरून, दोन्ही तिरक्या बाजूंनी आणि दोन्ही पूर्ण बाजूंनी अशी पाच छायाचित्रे काढायला सांगावीत. पुढे डॉक्टरांकडे हीच चित्रे न्यायची आहेत आणि उपचारानंतरची तुलनाही यांच्याशीच करायची आहे.

*पडताळणी : ‘मला तरुण दिसायचे आहे’ याऐवजी ‘जबड्याची कड सुटली आहे आणि उजव्या गालावर वांग आहे’ असे एक-दोन वाक्यांत कागदावर लिहिता आले, की पुढे जावे.*

टप्पा ३ : थर ओळखून उपचार जुळवणे

*कातडीचा वरचा थर.* वांग, खडबडीतपणा, बारीक जाळीदार सुरकुत्या हे बहुतांशी उन्हाचे काम आहे. तासगाव-पलूस भागात द्राक्षबागेत उभे राहणाऱ्या बाईच्या किंवा माण-खटावच्या उघड्या रानात फिरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ते चाळिशीच्या आत दिसू लागते. येथे पहिला उपचार सनस्क्रीन : एसपीएफ ३० किंवा अधिक, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके, आणि उन्हात असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा. गाडीच्या काचेतून अतिनील किरणांचा एक भाग आत येतोच, म्हणून ड्रायव्हिंग करणाऱ्यांनीही लावावे. रात्री ट्रेटिनॉइनचे मलम, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने, वाटाण्याएवढे आणि सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे कातडी लाल होते, सोलवटते; याच काळात बहुतेक लोक ट्यूब फेकून देतात. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणात हे औषध वापरू नये.

मलमांनी जे होत नाही त्यासाठी पील, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणे) आणि लेझर. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत रंगद्रव्य अधिक असल्यामुळे जोरकस पील किंवा लेझरनंतर भाजल्या जागी काळा डाग उमटण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असतो. म्हणून सौम्य मात्रा आणि अधिक बैठका हा मार्ग येथे शहाणपणाचा आहे. ‘एकाच बैठकीत सगळे’ म्हणणाऱ्याकडून उठून यावे. ओठांवर वारंवार जर (पाणीदार बारीक फोड) उठण्याची सवय असेल, जखमेचे व्रण जाड होत असतील किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, तर ते आधीच सांगावे.

*सावधान : मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘गोरे करणाऱ्या’ ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असते. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाल नसा दिसू लागतात, केस उगवतात, आणि ट्यूब थांबवताच आग होते. अशी ट्यूब वापरत असाल तर ती डॉक्टरांना दाखवावी. त्यावर पील किंवा लेझर करू नये.*

*स्नायूंचा थर.* भुवयांमधल्या उभ्या रेषा, कपाळाच्या आडव्या रेषा आणि डोळ्यांच्या कडेच्या घड्या यांना बोटॉक्स. गुण तीन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. चौथ्या दिवशी ‘काहीच झाले नाही’ म्हणून पुन्हा इंजेक्शन मागणे ही नेहमीची चूक आहे. दोन आठवडे थांबावे. औषध भलतीकडे पसरल्यास पापणी काही आठवडे खाली येऊ शकते, ती पुढे आपोआप सुधारते. ओघळलेला गाल बोटॉक्सने वर जात नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते टाळावे.

*भरावाचा थर.* खोलगट गाल आणि कानशिले यांना हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर. जागा आणि प्रकार यांनुसार ते सहा महिने ते दीड वर्ष टिकते आणि नको असल्यास हायलुरॉनिडेज या औषधाने विरघळवता येते. कायमस्वरूपी फिलरला ही सोय नाही, म्हणून ते टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. फिलरमधली मोठी चूक म्हणजे ओघळलेला चेहरा ‘उचलण्यासाठी’ सिरिंजामागून सिरिंजा भरत जाणे. त्याने चेहरा वर न जाता रुंद होतो, आणि पुढे फेसलिफ्ट करायची वेळ आली तर शल्यविशारदाला आधी ते फिलर विरघळवावे लागू शकते.

*सावधान : फिलर रक्तवाहिनीत गेल्यास कातडी मरू शकते आणि क्वचित दृष्टी जाऊ शकते, नाक आणि भुवयांमधली जागा सर्वांत जोखमीची. टोचताना वा नंतर तीव्र कळ, कातडी पांढरी पडणे, जाळीसारखा जांभळा डाग किंवा दिसण्यात फरक यांपैकी काहीही झाले तर ‘उद्या बघू’ नाही. हायलुरॉनिडेज दवाखान्यात आत्ता उपलब्ध आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारावे. पार्लरमध्ये हा प्रश्न विचारून पाहिला तर समोरच्याचा चेहराच उत्तर देतो.*

*आधाराचा थर.* कातडीखाली चेहऱ्याचे स्नायू झाकणारा तंतुमय पडदा आणि त्याला हाडाशी बांधणारे बंध सैल झाले, की गाल, जबडा आणि मान खाली येतात. सौम्य ओघळण्याला हायफू किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींची उष्णता देणे) करून पाहता येते. गुण दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि माफक असतो. मुळातच सडपातळ चेहऱ्यात चरबी आणखी घटून गाल बसल्यासारखे दिसण्याची भीतीही असते. थ्रेड लिफ्टमध्ये कातडी उचलण्यासाठी तिच्याखाली घातलेले विरघळणारे दोरे काही महिन्यांत विरतात आणि परिणाम साधारण वर्षभरात ओसरतो. मधल्या काळात खळगे पडणे, दोरा कातडीखाली जाणवणे असे त्रास होऊ शकतात. जाड कातडीच्या, बऱ्यापैकी ओघळलेल्या साठीतल्या चेहऱ्याला दोरे सुचवणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लाझ्माची इंजेक्शने कातडीचा पोत थोडा सुधारू शकतात, पण चेहरा उचलत नाहीत. गोरेपणासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लुटाथायोनच्या सलाईनचा ओघळण्याशी काही संबंध नाही.

टप्पा ४ : फेसलिफ्ट आपल्यासाठी आहे का

बोटांच्या चाचणीत जबडा आणि मान स्पष्ट सुधारत असतील, तब्येत ठीक असेल आणि कानाभोवतीचा बारीक व्रण मान्य असेल, तर फेसलिफ्टचा विचार करावा. नुसती कातडी ताणून शिवणे आता पुरेसे मानले जात नाही. आतला पडदा उचलून पक्का केला जातो आणि उरलेली कातडी ताण न देता कापली जाते. शस्त्रक्रियेला साधारण तीन ते पाच तास लागतात. परिणाम सात ते दहा वर्षे टिकू शकतो, मात्र वय थांबत नाही.

फेसलिफ्टने काय होत नाही, ते आधी ऐकून घ्यावे. वांग जात नाही. ओठांवरच्या उभ्या बारीक रेषा जात नाहीत. कपाळ आणि पापण्या बदलत नाहीत. पापण्यांची शस्त्रक्रिया वेगळी असते आणि ती सोबत करता येते. जड कुड्या-झुमक्यांनी फाटलेली किंवा लांबलेली कानाची पाळीही सोबत दुरुस्त करून घेता येते, फक्त ते आधी सांगावे लागते.

खर्चाची तुलना एका बैठकीशी करू नये. वर्षातून तीन वेळा घ्यायचे इंजेक्शन पाच वर्षांत पंधरा वेळा होते. त्यात फिलर मिळवून मग शस्त्रक्रियेच्या आकड्याशेजारी ठेवावे. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही आणि तिच्यावर जीएसटी लागतो. सांगितलेल्या रकमेत कर, भूल, रुग्णालय, तपासण्या आणि नंतरच्या खेपा धरल्या आहेत का, हे लेखी घ्यावे.

टप्पा ५ : डॉक्टरांची निवड

फेसलिफ्टसाठी प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी पाहावी. कातडीच्या उपचारांसाठी त्वचारोगातील एमडी, डीएनबी किंवा पदविका. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाटीवरून मूळ पदवी कळत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळावा. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होणार त्याचे नर्सिंग होम नोंदणीचे प्रमाणपत्र, भूलतज्ज्ञ कोण, आणि रात्री तातडीची गरज पडल्यास कोण येणार, तेही विचारावे.

साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. तरीही प्रश्न गावाचा नाही. हे डॉक्टर वर्षाला किती फेसलिफ्ट करतात, आणि त्यांच्या स्वतःच्या रुग्णांची, सहा महिन्यांनंतरची छायाचित्रे दाखवतात का, हे महत्त्वाचे. मिरजेतल्या मोठ्या रुग्णालयात असो वा पुण्यात, उत्तर गोलमोल आले तर दुसरे मत घ्यावे.

*पडताळणी : पहिल्याच भेटीत ‘आज बुक केले तर सवलत’ असे सांगितले गेले का? गेले असेल तर त्या दिवशी एक रुपयाही देऊ नये.*

टप्पा ६ : तारखेकडून मागे मोजणे

मुलीच्या लग्नाला पंधरा दिवस उरले असताना धावत येणारी मंडळी दर लगीनसराईत दिसतात. समारंभापासून मागे मोजावे : बोटॉक्स किमान चार आठवडे आधी, फिलर चार ते सहा आठवडे, मध्यम पील किंवा लेझरची शेवटची बैठक दोन-तीन महिने, हायफू तीन महिने आणि फेसलिफ्ट शक्यतो सहा महिने. फेसलिफ्टनंतर दोन-तीन आठवड्यांत लोकांत जाता येते, पण सूज पूर्ण उतरून चेहरा स्थिरावायला तीन ते सहा महिने लागतात.

उन्हाचाही हिशेब घालावा. द्राक्ष काढणीच्या हंगामात बागेत राबायचे असेल किंवा आषाढात वारीबरोबर लोणंद-फलटणच्या वाटेने चालायचे असेल, तर त्याआधी लेझर करू नये.

टप्पा ७ : शस्त्रक्रियेआधीचा महिना

या टप्प्यात सर्वांत जास्त लपवाछपवी होते, आणि तीही न कळत. डॉक्टर विचारतात, ‘सिगारेट ओढता का?’ बाई म्हणतात, ‘अहो, छे!’ आणि त्यात खोटे काहीच नसते. पण पिशवीत मिश्रीची डबी असते, आणि सकाळी उठल्याबरोबर व दुपारच्या जेवणानंतर बोटावर घेऊन दातांना लावणे चालू असते. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे. त्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते, कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, आणि कानामागची उचललेली कातडी काळी पडून मरण्याचा धोका वाढतो. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, मावा, विडी, सगळे शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतरही किमान चार आठवडे पूर्ण बंद ठेवावे. सासूबाईंची ही सवय सुनेला ठाऊक असते. सोबत आलेल्या सुनेने ती डॉक्टरांना सांगून टाकणे हा आगाऊपणा नाही. गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर तेही भूलतज्ज्ञांना आधी कळले पाहिजे.

रक्तदाब आणि मधुमेह महिनाभर आधीपासून आटोक्यात असावेत. कातडीखाली रक्त साठणे हा फेसलिफ्टचा सर्वांत नेहमीचा मोठा त्रास आहे. वाढलेल्या रक्तदाबात आणि पुरुषांमध्ये तो अधिक होतो. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि वैद्यांकडचे काढे-चूर्ण या सगळ्यांची यादी द्यावी.

*सावधान : हृदयात स्टेंट असेल किंवा पूर्वी झटका आला असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. ती गोळी थांबवायची की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.*

टप्पा ८ : नंतरचे दिवस

रक्त साठण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो. म्हणून पुण्यात शस्त्रक्रिया करून त्याच संध्याकाळी गाडीत बसून खंबाटकी घाट ओलांडत साताऱ्याला येणे, आणि पुढे सांगलीला जाणे, हे कितीही सोयीचे वाटले तरी करू नये. एक रात्र रुग्णालयात आणि पुढच्या एक-दोन रात्री त्याच शहरात राहावे. एकाच बाजूला वाढत जाणारी सूज, घट्टपणा आणि वेदना जाणवली तर पट्टी सोडून पाहण्यासाठी डॉक्टरांना रात्रीही बोलवावे.

डोके उंच ठेवून झोपावे, दोन आठवडे वाकून काम आणि जड उचलणे टाळावे. कानापुढचे टाके साधारण पाच-सात दिवसांत, कानामागचे दहा-एक दिवसांत निघतात. कानाभोवती आणि गालावर बधिरपणा महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणून गरम पाण्याची पिशवी, हेअर ड्रायरचा गरम झोत आणि गरम तेल लावून मालिश बंद, कारण भाजलेले कळत नाही. जखमेवर हळद-चंदनाचा लेप नको. हेल्मेट कानावरच्या टाक्यांवर दाबते. याचा अर्थ दुचाकी चालवू नये असा आहे, हेल्मेट काढून चालवावी असा नाही. ओठ किंवा भुवई एका बाजूने हलत नसेल, ताप आला, पू दिसला किंवा कातडी काळी पडू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गाल असमान दिसतात आणि मन खट्टू होते. या काळात आरशात तासन्‌तास पाहून, असमानता ‘भरून काढायला’ दुसऱ्या दवाखान्यात फिलर घेणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. दुरुस्तीचा विचार सहा महिन्यांच्या आत करू नये, आणि तोपर्यंत शस्त्रक्रियेची टिपणे, संमतिपत्राची प्रत, फिलरच्या खोक्यावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर आणि टप्पा २ मधली पाच छायाचित्रे एकाच फाइलमध्ये ठेवावीत. पुढचा डॉक्टर कोणीही असो, तो सर्वांत आधी हीच फाइल मागेल.